आधी आईच्या चेहऱ्याकडे बघणारी मुलगी

मागच्या थंडीत आम्ही सगळे रात्री इंदूरच्या सराफ्यात खायला गेलो होतो, भाचीला विचारलं गराडू (तळलेला कंद) घेतेस की भुट्ट्याचा कीस, तर तिने आधी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. 22 वर्षांची मुलगी, एमबीए करतेय. मला कसंतरीच झालं, कारण ताईचा तिच्यावर किती जीव आहे ते मी रोज बघतो.

आपण म्हणतो "काळजीपोटीच करतो ना", पण या काळजीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. गॉर्डन पार्कर या ऑस्ट्रेलियन सायकॅट्रिस्टने 1979 मध्ये सहकाऱ्यांसोबत 25 वाक्यांची एक प्रश्नावली काढली. मोठ्या माणसांनी आपली पहिली 16 वर्षं आठवायची, आई कशी होती, बाबा कसे होते, दोघांचं वेगवेगळं. माया एकीकडे मोजायची, पहारा दुसरीकडे. माया कमी आणि पहारा जास्त असं सांगणाऱ्यांमध्ये डिप्रेशन जास्त, हे पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलं, आणि नुसत्या जास्त पहाऱ्याचा संबंध एंग्झायटीशीही सापडला. मला तरी यात नवल वाटत नाही, मूल स्वतः ठरवतं, चुकतं, सावरतं, तेव्हाच त्याला कळतं की आपल्याला जमतं, आणि ही प्रॅक्टिसच झाली नसेल तर पुण्याला पहिल्या नोकरीत बॉस रागावला की पायाखालची जमीन सरकते.

पण सगळं आईबाबांच्या माथी मारू नका. स्वभाव थोडा रक्तातूनही येतो, आधीच घाबरट असलेल्या मुलाला घरचे जास्त जपतात, आणि मन उदास असलं की लहानपणही काळंच आठवतं.

एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 1970 च्या दशकातला प्रयोग मला फार आवडतो. बाळाशी खेळता खेळता आई एकदम चेहरा कोरा करते, दोनेक मिनिटं काहीच रिस्पॉन्स नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग तोंड फिरवतं, रडतं. आई परत बोलायला लागली की हळूहळू दोघांचं जुळतं. एरवी खेळतानाही आई आणि बाळाचा सूर सारखा तुटत असतो आणि परत जुळत असतो, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे चुका होणारच, त्या नंतर सांधल्या की नाही ते जास्त महत्त्वाचं.

हे सगळं ताईला सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती. परवा सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर "तू सांग गं काय घ्यायचं" म्हणाली आणि मुद्दाम जलेबीच्या कढईकडे बघत उभी राहिली. भाचीला ठरवायला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.