शेरीनाला, मळी आणि कायदा
कृष्णेत मासे मेले की सांगलीत पहिलं बोट साखर कारखान्यांकडे जातं, दुसरं शहराचं मैलापाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याकडे. 2023 च्या मार्चमध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हाही हेच झालं. संशय दोघांवरही रास्त; पण कायद्याचा हात दोघांपर्यंत सारखा पोचत नाही, आणि याचं कारण जुनं आहे.

पाणी प्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, 1969 मध्ये केला. पुढच्याच वर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. केंद्राचा कायदा आला 1974 मध्ये; राज्याने तो 1981 मध्ये स्वीकारला. सांडपाणी सोडायचं तर मंडळाचं संमतीपत्र घ्यायचं, अटी पाळायच्या. पाळल्या नाहीत तर मंडळाने कोर्टात जायचं, आणि कोर्टाची चाल काही गाळप हंगामाच्या वेगाची नसते. 1988 च्या दुरुस्तीने थेट वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. नोटिशीला खरं वजन आलं ते तेव्हा.

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, चिकट द्रव. कारखान्याचं मळीमिश्रित पाणी घातक ठरतं ते त्यातल्या सेंद्रिय घाणीमुळे. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले, कोयनेचा विसर्ग कमी, पाणी जागच्या जागी तुंबलेलं. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. शहराचं मैलापाणीही हेच करतं, फक्त बारा महिने.

कागदावर कारखाना आणि महापालिका कायद्याला सारखेच. पण नाला महापालिकेचा आणि नळाचं पाणी उपसणारं जॅकवेलही तिचंच. त्याची वीज कोण तोडणार? पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच रतलामच्या खटल्यात बजावलं होतं. सांगलीत शेरीनाल्याचं पाणी उपसून धुळगावकडे शेतीला देण्याची योजना झाली. तिच्यावर निवडणुका लढल्या गेल्या, नाला मात्र नदीची वाट विसरला नाही.

2010 च्या कायद्याने पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद आला. त्याचं एक खंडपीठ पुण्यात असल्याने सांगलीकरांना दाद मागणं सोपं झालं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रं तीन वर्षांत उभारा, असं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या स्थानिक संस्थांना सांगितलं. लवादाचा भरपाईचा आदेश कारखान्याला झोंबतो, कारण पैसा मालकाच्या किंवा सभासदांच्या खिशातून जातो. महापालिकेवर लावलेली भरपाई शेवटी घरपट्टी-पाणीपट्टीतूनच भरली जाते.