उमरावकुळातील बार्ड

सरदारघराण्यात जन्मून गाण्याबजावण्याच्या वाटेला लागलेले, कल्पनारम्य रोलप्लेइंग गेममधील (खेळाडू पात्रे वठवत गोष्ट पुढे नेतात अशा खेळातील) एक पात्र. ‘भाट’ हा मराठी शब्द जवळचा असला तरी त्यात धन्याची स्तुती गाणारा असा भाव आहे. हे पात्र धन्याच्याच घरात वाढलेले असते, म्हणून येथे ‘बार्ड’ हाच शब्द वापरला आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला आणि बार्ड त्यात १९७६ साली एका नियतकालिकातून दाखल झाला. १९७८च्या नियमपुस्तकाप्रमाणे बार्ड होण्यासाठी आधी योद्धा, मग चोर म्हणून पातळ्या चढाव्या लागत आणि त्यानंतर ड्रुइडांकडे, म्हणजे निसर्गाची जादू जाणणाऱ्या पुजाऱ्यांकडे, शिकावे लागे. पहिल्या पातळीपासूनच बार्ड होण्याची सोय १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने केली.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत बार्ड हा पात्राचा वर्ग, म्हणजे त्याचा पेशा, तर कुलीनता ही पार्श्वभूमी असते. कुलीनतेमुळे इतिहास आणि मनवळवणी ही कौशल्ये, घराण्याच्या मोहोरेची (शिक्क्याची) अंगठी, वंशावळीची गुंडाळी, उंची पोशाख आणि सोन्याची २५ नाणी मिळतात. बार्डपणामुळे साथीदाराला सहा बाजूंचा एक जादा फासा देता येतो. साथीदाराचा, यश-अपयश ठरवणारा वीस बाजूंचा फासा पडला, आकडा थोडा कमी वाटतो आहे, अशा वेळी खेळ चालवणाऱ्याने निकाल सांगण्याआधी त्याने हा फासा टाकला, तर हुकू पाहणारा वारही लागू शकतो. पातळ्या वाढतात तसा हा फासा बारा बाजूंपर्यंत जातो. बार्डची जादू आणि मनवळवणी दोन्ही करिष्मा या एकाच गुणावर चालत असल्याने ही जोडी नियमांतही चांगली जमते.

या पात्राची खरी गंमत मात्र इतिहासात आहे. ज्यांची गाणी आज उपलब्ध आहेत त्या ट्रुबाडूरांपैकी (मध्ययुगातील दक्षिण फ्रान्समधील गीतकारांपैकी) सर्वांत जुना, १०७१ साली जन्मलेला नववा विल्यम, अ‍ॅक्विटेनचा ड्यूक होता. दीयाच्या काउंटेसचे एक गीत चालीसकट टिकले आहे. स्त्री ट्रुबाडूरांच्या रचनांपैकी असे ते एकमेव. पण गीत रचणारा ट्रुबाडूर आणि बिदागीसाठी ते गात फिरणारा जॉग्लार यांच्या प्रतिष्ठेत मोठे अंतर होते. गीत रचणे ड्यूकला शोभत असे, गाऊन पोट भरणे नव्हे. उमरावकुळातील बार्ड नेमकी हीच रेषा ओलांडतो. तो घर सोडून का निघाला, याचे उत्तर खेळाडूकडे तयार हवे. नाहीतर कुलीनता नाण्यांच्या थैलीपुरतीच उरते.

त्यासाठी मोहोरेची अंगठी फार उपयोगी पडते. समजा, बार्ड ती हातमोज्याखाली दडवून प्रवाशांच्या एका सराईमध्ये गातो आहे आणि एखादा म्हातारा शिपाई फर्माईश करतो, ती नेमकी बार्डच्या वडिलांनी जिंकलेल्या वेढ्याच्या गाण्याची. तो विजय फितुरीने मिळाला होता, हे बार्डने घरी ऐकलेले आहे. आता शेवटचे कडवे कसे गायचे, हे खेळाडूने तिथल्या तिथे ठरवायचे असते.