मराठवाड्यात कॉलेजचा खर्च कोण उचलत आला

इंजिनीअरिंगला नंबर लागला की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात दोन हिशेब मांडले जातात. एक फीचा, दुसरा खोली आणि मेसचा. फीसाठी सवलत आहे, परतावा आहे, कर्जही आहे. खोली-मेसचे पैसे मात्र बहुतेक घरांत आडत्याकडून घेतलेल्या उचलीतून, नाहीतर पाहुण्यांच्या उसनवारीतून उभे राहतात. मदतीची सुरुवात झाली तेव्हा विचार असा नव्हता.

निजामाच्या राज्यात इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. परक्या शहरातला मुक्काम परवडणारी घरे मोजकीच, त्यामुळे बाकीच्यांसाठी फीचा प्रश्न येण्याआधीच शिक्षण संपे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. मिलिंदच्या आवारात, म्हणजे नागसेनवनात, वर्गांच्या जोडीने वसतिगृहेही झाली. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला जागा नसेल तर प्रवेशाचा उपयोग काय, हे तिथे पक्के ओळखले होते.

केंद्राची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याआधीच, १९४४ मध्ये सुरू झाली होती. फीबरोबर निर्वाह भत्ताही द्यायचा, ही तिची रचना. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना हीच. पण भत्त्याची रक्कम महागाईच्या मागे फरपटत राहिली आणि कल्पनेचा जीव हळूहळू गेला.

१९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून फीची सवलत मिळाली. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात होता आणि त्याचे स्वतंत्र विद्यापीठ एकच वर्षाचे होते. कॉलेजे अनुदानित, फी किरकोळ. फीमाफी मिळाली की निम्मे ओझे उतरे, कारण खर्चाचा आकडाच लहान होता.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली आणि हे गणित मोडले. जागा वाढल्या, यात शंका नाही. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या मुलांनाही व्यावसायिक शिक्षणाचे दार उघडले. पण आता शिकवण्याचा खर्च सरकारऐवजी पालकाकडून वसूल होणार होता, वर देणगी वेगळी. देणगीला बंदी घालणारा कायदा १९८७ चा. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात कमी फीची फ्री सीट आणि जास्त फीची पेमेंट सीट अशी विभागणी केली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली. त्यानंतर फी ठरवायला समित्या आल्या, २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आले. फी मान्य करून देणारी यंत्रणा तयार झाली, ती भरायची कोणी हा प्रश्न घराकडेच राहिला.

त्या जागी बँक आली. २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. तरी शाखेत गेल्यावर सातबारा आणि जामीनदार मागितल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. या कर्जाचे व्याज पहिला हप्ता कॉलेजला गेला त्या दिवसापासून चढते, हे फार थोड्या पालकांना कोणी समजावून सांगते. समजा, चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ आहे. पहिल्या वर्षी १० हजार, मग २०, ३०, ४०, आणि शिक्षणानंतर हप्ता न भरण्याची सवलत असते त्या वर्षाचे आणखी ४० हजार. परतफेड सुरू होते ती चार लाखांवर नव्हे, ५ लाख ४० हजारांवर. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राने या काळातले व्याज भरायला सुरुवात केली, पण ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच. तालुक्याच्या कॉलेजात बीए, बीएस्सी करणारी मुले त्यात नव्हतीच. २०१८ नंतर कॉलेजला नॅक किंवा एनबीए या संस्थांचे गुणवत्ता मानांकन असण्याची अट आली. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाची मर्यादा आणि तीन टक्के व्याजसवलत आहे, मात्र देशातल्या निवडक संस्थांपुरती. मराठवाड्यातली बहुसंख्य कॉलेजे त्या यादीपासून लांब आहेत.

राज्याच्या बाजूने राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेतून आठ लाखांपर्यंतच्या घरांना निम्मी फी मिळू लागली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतल्या घरांतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. बीड-धाराशिवकडच्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे, बारावीनंतर लग्नाचा विषय काढणाऱ्या घरात ती एक ठाम उत्तर होऊ शकते. तरी महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्फत येणारे पैसे वेळेवर येत नाहीत तेव्हा कॉलेज फी आधी मागते, आणि खोलीभाडे तर या सवलतीत धरलेलेच नाही.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या खात्यात जेवण आणि राहण्याचे पैसे द्यायचे, हा तिचा गाभा, म्हणजे १९४४ चीच कल्पना. इतर समाजांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना तीच वाट धरते. या दोन योजनांची रक्कम शहरातल्या आजच्या मेस-भाड्याशी जोडून दरवर्षी वाढवली आणि ती जून-जुलैतच हातात दिली, तर पेरणीच्या तोंडावर आडत्याकडे जाणारी फेरी तरी वाचेल.