नागरी हक्क विधेयकावरील नकाराधिकार (१८६६)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २७ मार्च १८६६ रोजी नागरी हक्क विधेयक सही न करता सेनेटकडे परत पाठवले. तेराव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, पण मुक्त झालेल्यांचे हक्क कोणते हे तिच्यात नव्हते. दक्षिणेकडील राज्यांनी तेवढ्यात ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना शहराबाहेर जमीन खंडाने घेता येईना. कामधंद्याचा लेखी पुरावा नसला तर भटकेपणाचा दंड होई आणि तो न भरणाऱ्याला मजुरीला जुंपले जाई.

इलिनॉयचे सेनेटर लायमन ट्रंबुल यांच्या विधेयकाचा रोख यावरच होता. देशात जन्मलेले सर्वजण, कर न देणारे मूलनिवासी वगळता, नागरिक ठरणार होते. करार, दावे, साक्ष, वारसा आणि मालमत्ता यांत त्यांना गोऱ्यांइतकेच हक्क मिळणार होते. कायद्याच्या आडून ते डावलणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. मतदानाचा हक्क मात्र यात नव्हताच, त्यामुळे विधेयकाला जहाल म्हणणे जरा अतीच होते.

जॉन्सन यांचे आक्षेप असे : ३६ पैकी ११ (दक्षिणेकडील) राज्यांना काँग्रेसमध्ये, म्हणजे सेनेट व प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेत, प्रतिनिधित्व नाही, परदेशातून आलेल्यांना नागरिकत्वासाठी पाच वर्षे थांबावे लागते, मग मुक्त झालेल्यांना ते लगेच का, आणि राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होते. शिवाय विधेयक कृष्णवर्णीयांना झुकते माप देते, असेही त्यांनी लिहिले. हा शेवटचा मुद्दा टिकत नाही, कारण गोऱ्यांचे हक्क हेच विधेयकाचे माप होते.

नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत उपस्थित राहून मत देणाऱ्या सदस्यांची दोन-तृतीयांश मते लागतात. फेब्रुवारीत फ्रीडमेन्स ब्यूरोच्या (मुक्त झालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विधेयकावर सेनेटमध्ये ३० विरुद्ध १८ मते पडली. दोन कमी पडली आणि जॉन्सन जिंकले. ६ एप्रिलला नागरी हक्क विधेयकावर मात्र ३३ विरुद्ध १५ झाले. विधेयकाचे विरोधक सेनेटर जॉन स्टॉक्टन यांची निवड सेनेटने २७ मार्चलाच रद्द केली होती. ते असते तर ३३ ही अगदी काठावरची संख्या ठरली असती. ९ एप्रिलला प्रतिनिधिगृहाने १२२ विरुद्ध ४१ मतांनी शिक्कामोर्तब केले. महत्त्वाचा कायदा नकाराधिकार मोडून होण्याची ही पहिलीच वेळ.

साधा कायदा पुढची काँग्रेस रद्द करू शकते. म्हणून नागरिकत्वाची तरतूद चौदाव्या घटनादुरुस्तीत घातली गेली. घटनादुरुस्तीला राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. जॉन्सन यांच्या हाती उरला तो राज्यांनी ती फेटाळावी यासाठीचा आग्रह. त्यांच्याच टेनेसी राज्याने तो न जुमानता जुलै १८६६ मध्ये तिला मंजुरी दिली.