लिंबूवर्गीय फळे, अल्पपरिचित : जागतिक व्यापार

सिट्रस प्रजातीतील (कुल – रुटेसी) जी फळे मर्यादित प्रदेशात पिकतात, पण ज्यांचा रस, तेल, साल वा पाने दूरदूरच्या बाजारांत पोचतात, त्यांना व्यापाराच्या भाषेत सैलपणे ‘अल्पपरिचित’ किंवा ‘विशेष’ लिंबूवर्गीय फळे म्हणतात. बर्गमॉट, महाळुंग, युझू, सुदाची, काबोसु, शिकुवासा, कॅलामान्सी, मक्रूत लिंबू, फिंगर लाइम व कुमक्वाट ही त्यांतील प्रमुख होत. पपनसाला या गटात घ्यावे की नाही याविषयी एकमत नाही. पूर्व व आग्नेय आशियात ते रोजचे फळ आहे आणि केवळ पश्चिमी बाजारांच्या दृष्टीने ते अपरिचित ठरते. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार आकडेवारीपुरताच केला आहे.

आकडेवारीतील स्थान : जगातील लिंबूवर्गीय फळांचे वार्षिक उत्पादन सुमारे १६ कोटी टन असून त्यात ऑरेंजचा (सिट्रस सायनेन्सिस) वाटा निम्म्याच्या आसपास आणि संत्री व मँडरिन गटाचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक आहे. अल्पपरिचित फळांचा माग मात्र या आकड्यांत लागत नाही. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्काच्या सुसंगत वर्गीकरण पद्धतीत ताजी व सुकी लिंबूवर्गीय फळे ०८०५ या शीर्षकाखाली येतात. तेथे महाळुंग, कुमक्वाट, बर्गमॉट या सर्वांची रवानगी ०८०५.९० या ‘इतर’ खान्यात होते. सालींना ०८१४ हे वेगळे शीर्षक आहे, पण त्यातही फळांनुसार भेद नाही आणि कलिंगड-खरबुजांच्या सालीही त्यातच मोडतात. युझूचा रस ‘अन्य एका लिंबूवर्गीय फळाचा रस’ म्हणून लिंबाच्या रसाबरोबरच मोजला जातो. बर्गमॉटच्या तेलाला पूर्वी ३३०१.११ हे स्वतंत्र उपशीर्षक होते. कमी उलाढालीची उपशीर्षके गाळताना २००७ च्या आवृत्तीत तेही गाळले गेले आणि तेव्हापासून हे तेल ‘इतर लिंबूवर्गीय तेलां’त मिसळले. अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठी हानी होय. कारण अल्पपरिचित फळांपैकी ज्या एका मालाची जागतिक मालिका अनेक वर्षे सलग उपलब्ध होती, तीच येथे तुटली.

अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत पपनस व ग्रेपफ्रूट एकाच ओळीत दिलेले असतात. त्या ओळीत चीन सर्वांत पुढे दिसतो, तो मुख्यतः पपनसामुळे. फूज्यान प्रांतातील पिंगह परगण्याचे ‘मधु पपनस’ जाळीच्या पिशवीत, एकेक फळ गुंडाळून युरोपात जाते. ही ओळ वाचून चीनमध्ये ग्रेपफ्रूटची लागवड वाढली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

वर्गीकरण व उगम : सिट्रस प्रजातीत जाती किती, हा जुना वाद आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर टेनिसन स्विंगल यांनी १६ जाती मानल्या, तर जपानी शास्त्रज्ञ चोझाबुरो तानाका यांनी १६२. स्विंगल जिथे संकर पाहत, तिथे तानाका लागवडीतील प्रत्येक स्थिर प्रकाराला जातीचा दर्जा देत. व्यापारात तानाकांची नावे अधिक रूढ झाली, कारण माल ओळखायला ती सोयीची होती. आजही युझूच्या पिंपावर ‘सिट्रस जुनॉस’ आणि सुदाचीच्या बाटलीवर ‘सिट्रस सुदाची’ असे लिहिलेले असते.

जनुकीय पुरावा एकंदरीत स्विंगल यांच्या बाजूने झुकतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक जीनोम अभ्यासानुसार या प्रजातीचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात झाला असावा आणि तिचा झपाट्याने विस्तार सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी, मायोसीन कालखंडाच्या अखेरीस झाला असावा. युनानमध्ये सापडलेला सिट्रस लिंत्सांगेन्सिस हा पर्णजीवाश्म या कालनिश्चितीशी जुळतो. महाळुंग, पपनस व मँडरिन हे शुद्ध पूर्वज असून बहुतेक परिचित फळे त्यांच्या संकरांतून आली, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. स्विंगल यांनी १९१५ मध्ये कुमक्वाटसाठी वेगळी काढलेली फॉर्च्युनेला प्रजाती व ऑस्ट्रेलियन फळांची मायक्रोसिट्रस प्रजाती या दोहोंना अलीकडचे बहुसंख्य वर्गीकरणकार पुन्हा सिट्रसमध्येच घेतात.

बर्गमॉट : या फळाचा उगम व नाव यांविषयी जितके लिहिले गेले तितके अन्य कोणत्याही अल्पपरिचित लिंबूवर्गीय फळाविषयी लिहिले गेलेले नाही. नावाची एक व्युत्पत्ती तुर्की ‘बेग-आर्मुदी’ म्हणजे ‘सरदाराचे नासपती’ अशी देतात. दुसरी ते इटलीतील बेर्गामो शहराशी जोडते, तर तिसरी कॅटालोनियातील बेर्गा गावाशी. तिसऱ्या मतानुसार कोलंबसाने कॅनरी बेटांतून हे फळ स्पेनमध्ये आणले. बर्गमॉट नावाचे नासपती युरोपात आधीपासून होते आणि या फळाचे देठाकडचे टोकही काहीसे नासपतीसारखे निमुळते असते. त्यामुळे पहिली व्युत्पत्ती अधिक संभाव्य वाटते. जनुकीय विश्लेषणात बर्गमॉट हा आंबट नारिंग व लेमन यांचा संकर ठरला आहे. हे दोन्ही जनक भूमध्य सागराभोवती एकत्र लावले जात असत. तेव्हा संकर तेथेच झाला असे मानणे सयुक्तिक ठरते आणि कॅनरी बेटांच्या कथेला फारसा आधार उरत नाही.

लागवड इटलीच्या अगदी टोकाशी, रेज्जो कालाब्रियाच्या अरुंद किनारपट्टीत एकवटली आहे. जगातील बर्गमॉटचा बहुतांश भाग तेथेच पिकतो. सलग व्यापारी बाग १७५० च्या सुमारास लावली गेल्याचे सांगतात. तेलाची मागणी त्याआधीची आहे. योहान मारिया फारिना यांच्या कोलोन शहरातील पेढीची स्थापना १७०९ मधील असून तिच्या सुगंधी जलात बर्गमॉट हा मुख्य गंध होता. ‘अर्ल ग्रे’ चहाचा १८३०–३४ या काळातील ब्रिटिश पंतप्रधानांशी असलेला संबंध कागदोपत्री सिद्ध झालेला नाही. हलक्या प्रतीच्या चहाला बर्गमॉटचा वास देत असल्याचे उल्लेख मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत.

तेल सालीच्या बाहेरच्या थरातील सूक्ष्म पिशव्यांत असते. जुन्या ‘स्फुमातुरा’ पद्धतीत फळ आडवे कापून गर कोरून काढीत, रिकाम्या साली काही तास मुरू देत आणि मग एकेक साल मातीच्या पसरट भांड्यावर ठेवलेल्या समुद्री स्पंजावर दाबून फिरवीत. पिशव्या फुटून उडालेले तेल स्पंज शोषून घेई. स्पंज भरला की तो भांड्यात पिळीत आणि पाण्यावर तरंगणारे हिरवट तेल अलगद ओतून घेत. उष्णतेचा स्पर्श नसल्याने गंध बिघडत नसे. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला यांनी फिरत्या चक्राचे ‘कालाब्रियन यंत्र’ तयार केले आणि हाताचे काम झपाट्याने मागे पडले. आज सालीचा थर खरवडून, पाण्याच्या फवाऱ्याने वाहून आणून, अपकेंद्री यंत्राने तेल वेगळे करतात. साधारण २०० किग्रॅ. फळांपासून १ किग्रॅ. तेल मिळते.

तेलात लिमोनीन, लिनॅलिल ॲसिटेट व लिनॅलूल हे मुख्य घटक असतात. पैकी शेवटचे दोन कृत्रिम रीतीने स्वस्तात बनू लागल्यावर भेसळ सोपी झाली. ही भेसळ ओळखण्याची रीत तांत्रिक असली, तरी आजच्या भावाचा पायाच ती आहे. अशा संयुगांचे रेणू डाव्या-उजव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असू शकतात. नैसर्गिक तेलातील लिनॅलूल व त्याचा ॲसिटेट जवळजवळ संपूर्णपणे एकाच हस्त-रूपात (आर-रूपात) असतात, तर कारखान्यात बनवलेल्या संयुगात आर व एस ही दोन्ही रूपे समसमान येतात. विशिष्ट स्तंभ वापरून केलेल्या वायुवर्णलेखनात (मिश्रणातील घटक वायुरूपात वेगळे करण्याच्या पद्धतीत) एस-रूपाचे शिखर दिसले की मिसळ उघड होते. रेज्जो कालाब्रियात लिंबूवर्गीय तेलांसाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या प्रायोगिक केंद्राचा अशा तपासण्यांत मोठा वाटा आहे. २००१ मध्ये ‘बर्गामोत्तो दी रेज्जो कालाब्रिया’ तेलाला युरोपीय संघाचे संरक्षित उगमनाम मिळाले.

तेलाला दुसरा धक्का त्वचाविकारशास्त्राकडून बसला. कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर ओघळाच्या वाटेने लोलकाच्या आकाराचे तपकिरी डाग उठतात, याचे वर्णन फ्रॉइंड यांनी १९१६ मध्ये केले. पुढे या डागांचे कारण बर्गाप्टेन हे फ्युरोकुमारिन (त्वचेला प्रकाशसंवेदी करणारे संयुग) असल्याचे दिसून आले. युरोपीय संघाने १९९५ मध्ये सूर्यसंरक्षक व त्वचा सावळी करणाऱ्या प्रसाधनांतील फ्युरोकुमारिनांवर किलोमागे १ मिग्रॅ. अशी मर्यादा घातली. तेव्हापासून बर्गाप्टेनरहित तेल ही बाजारातील वेगळी प्रत झाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आक्रसलेली लागवड अलीकडे सावरली, त्याला ताज्या रसाची मागणीही कारण आहे. २००९ मध्ये या फळात कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांशी रचनासाम्य असलेले ब्रुटिएरिडिन व मेलिटिडिन हे घटक आढळले. पुढे रसाच्या जाहिरातींनी या निष्कर्षाचा आधार घेतला. रचनासाम्यावरून रोगनिवारणाचा दावा करणे मात्र घाईचे आहे.

युझू व जपानी आंबट फळे : युझूचा उगम यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यात मानतात. जपानमध्ये ते सुमारे सातव्या-आठव्या शतकात आले असावे. स्विंगल यांनी ते इचांग पापेडा (चीनमधील थंडी सोसणारी रानटी लिंबूवर्गीय जाती) व मँडरिन यांचा संकर मानले होते, तानाकांनी स्वतंत्र जाती. जनुकीय पुराव्याने स्विंगल यांचे मत उचलून धरले. इचांग पापेडाच्या वारशामुळे युझू उणे ९° से.पर्यंतची थंडी सोसू शकते आणि म्हणूनच नेहमीच्या लिंबूवर्गीय पट्ट्याबाहेरही त्याच्या बागा लावता येतात. अलीकडे स्पेन व न्यूझीलंडमध्येही लागवड झाली आहे.

जपानच्या उत्पादनापैकी निम्म्याच्या आसपास वाटा शिकोकू बेटावरील कोची प्रांताचा आहे. झाडाला लांब काटे असतात. वाऱ्यात फळ काट्यावर घासले की सालीवर चट्टा उमटतो आणि ताज्या फळांच्या बाजारात त्याची किंमत कोसळते. शिवाय फळ बियांनी भरलेले असते आणि रस थोडा. कोचीतील उमाजी या डोंगरी गावाने डागी फळांपासून पोंझू (आंबट रस व सोया सॉस यांचे तोंडीलावणे) व मधयुक्त पेय बनवले. १९८८ मध्ये तोक्यो येथील ग्रामोत्पादनांच्या प्रदर्शनात त्याच्या पोंझूला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे युझू परदेशी गेले ते बहुतांशी याच मार्गाने, म्हणजे रस, सालीची भुकटी व मिरचीबरोबर कुटलेले युझुकोशो या रूपांत. रोपापासून फळ धरायला लागणारा दीर्घ काळ (‘पीच व चेस्टनटला तीन वर्षे, पर्सिमनला आठ, वेड्या युझूला अठरा’ ही जपानी म्हण) काट्याच्या ट्रायफोलिएट खुंटावर कलम केल्यास बराच कमी होतो. तरीही मागणी वाढल्यावर पुरवठा पाठोपाठ येत नाही आणि भावातील चढउतार तीव्र राहतात. दक्षिण कोरियात गोहंग परिसरात हेच फळ ‘युजा’ नावाने पिकते. साखरेत मुरवलेल्या सालीचा ‘युजाचा’ हा चहा तेथील मुख्य निर्यातमाल आहे.

सुदाची जवळजवळ संपूर्णपणे तोकुशिमा प्रांतात, तर काबोसु मुख्यतः ओइता प्रांतात होते. ओकिनावातील शिकुवासाचा व्यापार नोबिलेटिन या घटकाच्या प्रसिद्धीवर वाढला. शिरानुइ हे १९७२ मध्ये नागासाकी प्रांतात कियोमी व पोनकान या लिंबूवर्गीय वाणांच्या संकरातून झालेले फळ निराळ्या वाटेने गेले. देठाकडच्या ओबडधोबड उंचवट्यामुळे आधी नापसंत ठरलेले हे फळ ठरावीक गोडी व आम्लतेच्या निकषावर ‘देकोपोन’ या व्यापारचिन्हाने विकले जाऊ लागले. अमेरिकेत ते २०११ पासून ‘सुमो’ नावाने विकतात आणि नापसंतीचा तोच उंचवटा आता त्याची ओळख बनला आहे.

महाळुंग : भूमध्य प्रदेशात पोचलेले हे पहिले लिंबूवर्गीय फळ. थिओफ्रॅस्टस यांनी ‘मीडियाचे सफरचंद’ म्हणून त्याचे वर्णन केले आहे. जेरुसलेमजवळील रामात राहेल येथील उद्यानाच्या गिलाव्यात त्याचे परागकण सापडले असून ते इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील मानले जातात. आजच्या व्यापाराचे दोन निराळे भाग आहेत. मिठवणीत मुरवून साखरेत पाकवलेली साल टनावारी विकली जाते. ज्यूंच्या सुक्कोत सणासाठी लागणारे ‘एत्रोग’ नगावर विकले जाते, तेही वर्षातील काही आठवड्यांतच. कलमी झाडाचे फळ धार्मिक दृष्ट्या बाद ठरते. ग्राहक भिंग लावून सालीवरचा प्रत्येक ठिपका तपासतो, टोकाचा सुकलेला कुक्षी-भाग शाबूत आहे का ते पाहतो आणि तो असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. इझ्राएल, मोरोक्को व कालाब्रिया ही मुख्य पुरवठाकेंद्रे होत. कॉर्फू बेट एकोणिसाव्या शतकात अग्रेसर होते. आधी कलमांविषयीचा संशय व भाववाढ आणि नंतर १८९१ मधील ज्यूविरोधी दंगल यांमुळे तेथील मालावर बहिष्कार पडला आणि तो व्यापार बसला.

इतर फळे व रोगनिर्बंध : मक्रूत लिंबाचे मुख्य द्रव्य पान आहे. त्याचे जुने इंग्रजी नाव आफ्रिकेतील एका वंशद्वेषी शिवीशी एकरूप असल्याने अनेक विक्रेत्यांनी ते सोडले. ताजी पाने सिट्रस सायला किडीचे वाहन होऊ शकतात, म्हणून अनेक देशांत त्यांच्या आयातीवर कडक बंधने आहेत आणि गोठवलेला वा सुकवलेला माल जास्त चालतो. फिलिपीन्सचे कॅलामान्सी मँडरिन व कुमक्वाट यांचा संकर असून बाहेर ते बहुधा रसाच्या रूपात जाते. ग्वांगदोंगमधील शिनहुइ येथे चाची मँडरिनची साल किमान तीन वर्षे मुरवून ‘चेनपी’ करतात. तिची किंमत वयाबरोबर वाढते आणि गर दुय्यम ठरतो.

फिंगर लाइम (सिट्रस ऑस्ट्रेलॅसिका) मूळचे न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील व क्वीन्सलँडच्या आग्नेय भागातील वर्षावनांतले. बोटाएवढ्या फळाची साल दाबली की रसाचे सुटे मणी बाहेर येतात. काट्यांमुळे तोडणी हातानेच करावी लागते. सायला किडीमार्फत पसरणारा व झाडांना मंदगतीने मारणारा ह्वांगलोंगबिंग हा जीवाणुजन्य रोग ब्राझीलमध्ये २००४ मध्ये व फ्लॉरिडात २००५ मध्ये आढळला. २००३–०४ मध्ये २४ कोटी पेट्यांवर असलेले फ्लॉरिडातील ऑरेंजचे पीक २०२३–२४ पर्यंत २ कोटी पेट्यांच्या खाली आले. फिंगर लाइम या रोगाला बरेच दाद देत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील संशोधकांनी २०२१ मध्ये त्यातून रोगाच्या जीवाणूला मारणारे पेप्टाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. संकरणासाठी या फळाच्या कलमकाड्यांना तेव्हापासून अधिक मागणी आहे.