ग्रेपनेटवर द्राक्ष प्लॉटची नोंदणी: कागदपत्रे, पद्धत आणि फवारणीची वही

युरोपात द्राक्ष पाठवायची तर ग्रेपनेटच्या नोंदणीला पर्याय नाही. अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ही ऑनलाइन व्यवस्था २००६ मध्ये सुरू केली. माल कोणाकडून घेतला आणि पुढे कोणाला दिला, हे प्रत्येक व्यापाऱ्याला दाखवता आले पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम २००५ पासून लागू आहे. ग्रेपनेटमुळे पेटीचा माग थेट बागेपर्यंत लागतो.

नोंदणी प्लॉटची होते, शेतकऱ्याच्या नावावर सरसकट नाही. एकाच गटात थॉमसन आणि क्रिमसन अशा दोन जाती असतील तर दोन प्लॉट दाखवा. गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) तारखांत बरेच अंतर असेल तरी तेच करा. पुढे तपासणीसाठी सॅम्पल काढताना घोळ होत नाही.

अर्ज तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा अपेडाच्या फार्मर कनेक्ट ॲपवरून करता येतो. सोबत ताजा सातबारा, बागेचा नकाशा आणि आधार ठेवा. सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद आहे का, हे आधी बघा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर ती उरकूनच जा. जुन्या प्लॉटचे दर हंगामात नूतनीकरण करावे लागते. कृषी अधिकारी बाग पाहून जातात आणि प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळतो. इथवर फारसे अवघड काही नाही.

खरी परीक्षा फवारणीच्या वहीची. ‘१२ डिसेंबर, भुरी रोग, गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम’ अशी नोंद त्याच दिवशी व्हावी, पाणी किती लागले आणि फवारले कोणी यासकट. नुसते कंपनीचे नाव लिहून भागत नाही, औषधातला घटक लिहा. कोणते औषध चालते आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, याची यादी पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढते. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ती यादी प्रमाण माना आणि औषधाचे पक्के बिल वहीलाच टाचून ठेवा. २०१० मध्ये शेंडावाढ रोखणाऱ्या सीसीसी या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हा निर्यातदारांइतकेच बागायतदारही पोळले.

काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन सॅम्पल घेतो. आपण घड तोडून पाठवायचे नसतात. रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, मर्यादेबाहेर गेला तर त्या प्लॉटचा माल युरोपसाठी थांबतो. पास झाला तर नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये पॅकिंग, मग ॲगमार्क (प्रतवारीचे) आणि फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र.

शेजाऱ्याचा माल आपल्या क्रमांकावर भिडेखातर मात्र घालू देऊ नका. युरोपात पेटी नापास झाली की चौकशी त्याच्याकडे जात नाही, तुमच्या प्लॉटवर येते. आणि त्याने काय फवारले होते, ते तुमच्या वहीत कुठेच नसते.