पाडसाचं दुसरं पोट

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, सकाळी सातला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला गेलेल्या शेजाऱ्यांना गवतात चितळाचं पाडस दिसलं होतं. एकटं, कान पाडून, जमिनीला चिकटून बसलेलं. फोटोखाली प्रश्न: "कोणतं दूध पाजू? गाईचं चालेल?" दहा मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. बकरीचं द्या, पावडरचं द्या, थोडं ग्लुकोज घाला. पाडस खरंच अनाथ आहे का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ते अनाथ नव्हतं. हरणी पहिले काही दिवस पिल्लाला गवतात लपवून स्वतः चरायला जाते आणि दिवसातून मोजक्या वेळा येऊन पाजते. पिल्लाच्या अंगाला वास कमी, हालचाल शून्य, आणि पाठीवरचे पांढरे ठिपके कवडशांत मिसळून जातात. आई सतत शेजारी उभी राहिली तर उलट बिबट्यालाच पत्ता मिळेल. शेजाऱ्यांना लांब व्हायला सांगितलं आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायला लावलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ घरी आणून पाळता येत नाही, हेही ग्रुपवर लिहिलं. त्यावर फक्त एक अंगठा आला.

पण काही पाडसांना खरोखरच कोणी उरत नाही. घोडबंदर रोडवर गाडीखाली आई गेलेलं एक पिल्लू त्याच सुमारास एका उपचार केंद्रात आणलं होतं. ओळखीच्या पशुवैद्यक बाईंमुळे मला ते दुरून, आणि दोन-तीनदा जवळून, बघायला मिळालं. त्याची देखभाल येऊरच्या पाड्यावरचे एक मामा करत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "दूध काय, कोणीपण पाजील. पाला खायला लावणं, ते काम." तेव्हा मला ते फुशारकीचं वाटलं होतं.

मामा बाटली पाडसाच्या तोंडासमोर नाही, डोक्याच्या वर धरत. पिल्लू मान ताणून, तोंड वर करून ओढायचं आणि शेपटीचं टोक नुसतं थरथरत राहायचं. ही मानेची ढब फार महत्त्वाची आहे. हरीण, गाय, बकरी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, त्याला पशुपालक कोटीपोट म्हणतात. नंतर जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी चौथं, म्हणजे आपल्यासारखं आम्ल आणि पाचकरस असलेलं खरं पोट. पिल्लू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी स्नायूंच्या दोन कडा जुळतात आणि छपराच्या पन्हळीसारखी एक वाट तयार होते. दूध त्या पन्हळीतून पहिले कप्पे टाळून थेट चौथ्यात उतरतं. तिथे एक विकर (एन्झाइम) त्याचं दही व्हावं तसं साकळवतं. युरोपात चीज करायला वासराच्या पोटातलं हेच विकर शतकानुशतकं वापरत आले आहेत. मान खाली घालून ताटलीतून घाईघाईनं दूध प्यायलेल्या पिल्लात ही पन्हळ नीट मिटत नाही. मग दूध कोटीपोटात सांडतं, तिथे आंबतं आणि पोट फुगतं.

म्हणजे जन्मलेलं पाडस पोटाच्या दृष्टीनं जवळजवळ आपल्यासारखंच एकपोटी असतं. गाईच्या नवजात वासरात चौथा कप्पा सगळ्या पोटाच्या निम्म्याहून मोठा असतो. मोठ्या गाईत कोटीपोट आणि जाळीपोट मिळून सुमारे ८० टक्के जागा व्यापतात आणि चौथा कोपऱ्यात जातो. हरणाचंही गणित असंच. दूध सोडणं म्हणजे नुसता आहार बदलणं नव्हे, मधल्या काळात जनावराला आणखी एक अवयव घडवायचा असतो. आणि तो दुधानं घडत नाही.

ज्यांनी कधी वजडी साफ केली आहे त्यांना कोटीपोट आतून कसं असतं ते माहीत आहे: टर्किशच्या टॉवेलसारखं, बारीक लवलव जिभांनी भरलेलं. त्या जिभांमुळे शोषणाचा पृष्ठभाग वाढतो. सहा आठवडे फक्त दुधावर ठेवलेल्या वासराचं कोटीपोट उघडलं तर आतली कातडी फिकट आणि जवळपास गुळगुळीत दिसते. या जिभा वाढायला आम्लं लागतात, विशेषतः ब्युटिरिक आम्ल. खवट लोण्याला जो वास येतो तो याचाच. दाणा-पाला कोटीपोटात पडला की जीवाणू तो आंबवतात, त्यातून ही आम्लं सुटतात, आणि आम्लांच्या संपर्कात कातडी जाड होऊन तिला जिभा फुटतात. गंमत अशी की धान्यातून ब्युटिरिक आम्ल जास्त मिळतं, तर तंतुमय चाऱ्यानं कप्प्याचा आकार आणि स्नायू वाढतात. एकच देऊन भागत नाही. मोठं झालेलं जनावर आपल्या ऊर्जेचा सिंहाचा वाटा याच आम्लांतून मिळवतं. गवतातलं सेल्युलोज ते स्वतः पचवू शकत नाही, ते काम कोटीपोटातले भाडेकरू, म्हणजे हे जीवाणू करतात.

आता प्रश्न हा की हे भाडेकरू येतात कुठून? आईनं चाटल्यावर तिच्या लाळेतून, तिनं तोंड लावलेल्या पाल्यातून, मातीतून, लेंड्यांतून. बाटलीवरच्या पोरक्या पिल्लाला यातलं फारसं काहीच मिळत नाही. आपण बाटली उकळून, फरशी फिनाइलनं पुसून, वर टॉवेल अंथरून त्याला हवे ते जंतूही दारातूनच परत पाठवतो. बाटली उकळायचीच, त्यात तडजोड नाही. पण मामांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एका घमेल्यात रानातली माती ठेवली होती आणि पाडस ती चाटायचं. मला ते अस्वच्छ वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते त्याचं विरजण आहे."

विरजणाचं महत्त्व सुबाभळीनं जगाला फार छान शिकवलं. ठाण्याच्या टेकड्यांवर हे झाड पुष्कळ दिसतं. मणिभाई देसाईंच्या बायफ या ग्रामविकास संस्थेनं उरुळीकांचनहून चारा म्हणून त्याचा मोठा प्रसार केला. पाला पौष्टिक, पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ भरपूर खाल्लेल्या गुरांचे केस गळायचे, गलगंड व्हायचा. हवाई बेटांवरच्या बकऱ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं ओळखलं की फरक बकरीत नाही, तिच्या कोटीपोटातल्या जीवाणूंत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या जनावरांतले ते जीवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या गुरांना दिले आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. त्या जीवाणूला पुढे १९९२ मध्ये सिनर्जिस्टेस जोन्साय असं नाव मिळालं. पाला तोच, जनावर तेच, पाहुणा बदलला की विषाचा चारा झाला. आजारी जनावराला निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस पाजण्याचा उपाय पशुवैद्यक आजही करतात, तो याच कारणानं.

दुसऱ्या भेटीला मी घरच्या उरलेल्या पोळ्या पिशवीत घेऊन गेलो. इतका पाला-पाला ऐकून आपणही काही न्यावं म्हणून. मामांनी पिशवी हातात घेतली, उघडून पाहिली आणि शांतपणे बाहेरच्या कठड्यावर ठेवली, कावळ्यांसाठी. पोळी, पाव, बिस्कीट यांतला स्टार्च झटकन आंबतो. कोटीपोटाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ६ ते ७ असतो. एकदम खूप स्टार्च पडला की लॅक्टिक आम्ल वाढतं, सामू ५.५ च्या खाली जातो, चारा पचवणारे जीवाणू मरतात आणि जनावर आडवं होतं. धान्य द्यायचं ते चमचा-चमचा वाढवत. रानात कुणी हरणांपुढे बिस्किटं टाकताना दिसलं की मला आता ती कठड्यावरची पिशवी आठवते.

त्या पाडसाचा दिनक्रम असा होता. पहिल्या आठवड्यापासूनच एका बाजूला ताजं पाणी, कारण बादलीतलं पाणी दुधासारखं पन्हळीतून न जाता कोटीपोटात जातं आणि जीवाणूंना ते लागतंच. कुंपणाला पाडसाच्या नाकाच्या उंचीवर वडाच्या, उंबराच्या डहाळ्या उलट्या टांगलेल्या, थोडा लसूणघास. रोज सकाळी वजन. चितळ जन्मतं साडेतीन किलोच्या आसपास, आणि इतक्या लहान जिवात दोन दिवस काटा हलला नाही तरी चिंता. चितळाची पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की हिरवा चारा बऱ्यापैकी खातात, पण रानात आईचं दूध चार-सहा महिन्यांपर्यंत चालू असतं. म्हणून बाटल्या एकदम बंद होत नाहीत. आधी रात्रीची जाते, मग दुपारची. डेअरीत वासराचं दूध तोडताना वयाकडे न बघता ते सलग तीन दिवस किलोभर खुराक खातंय का हे पाहतात. हरणाला तो आकडा लागू नाही, पण विचार तोच: तारखेवर नाही, पोटावर ठरवायचं.

मामांची चिंता वेगळीच होती. बाटली धरणाऱ्या हातालाच पाडस आई समजतं. नर असेल तर शिंगं आल्यावर तेच ओळखीचं जनावर माणसाला भिडतं, आणि त्याला माणसाची भीती उरलेली नसते. म्हणून मामा पाजताना बोलत नसत, कुरवाळत नसत. दूध संपलं की पाठ फिरवून निघून जात. मला ते कोरडं वाटलं. शेजारच्या जाळीपलीकडे दोन मोठी चितळं होती, पाडसाला त्यांचा वास आणि चघळण्याचा आवाज मिळावा म्हणून.

शेवटच्या भेटीत पाडस भिंतीच्या सावलीत बसलं होतं. तोंडात काही नाही, समोर काही नाही. अचानक गळ्याखालून एक लहानसा गोळा वर सरकताना स्पष्ट दिसला, जणू लिफ्ट वर गेली. मग जबडा आडवा फिरू लागला, डोळे अर्धे मिटले. मामा बोटांवर मोजत होते. चाळीस-पंचेचाळीस वेळा चावून झाल्यावर गोळा खाली गेला, क्षणभर थांबून दुसरा वर आला. मामा उठले, संध्याकाळसाठी धुऊन ठेवलेल्या तीन बाटल्यांतली एक उचलून त्यांनी कपाटात ठेवली.